कुसाबाईच्या तोंडचा एक शब्द

मखमलाबादच्या मळ्यात मोटर चालू असली तरी कुसाबाईचा आवाज तिच्या वरताण ऐकू यायचा. बाई शेवंती पिकवायची, पण तोंड सुटलं की समोरच्याने पळ काढावा. लोक म्हणायचे, जमदग्नीचा अवतार! कसला अवतार डोंबलाचा? तिला राग फारसा येतच नव्हता. यायची भीती, यायची माया, यायचं रडू; बाहेर पडताना मात्र सगळ्याचा रागच व्हायचा.

नवरा सहादू ऐन तिशीत गेला, तेव्हा ती प्रेतालाच खडसावत होती, "कुणाच्या भरवशावर टाकून निघालात? लाज नाय वाटली?" लहानगा यादव विहिरीत पडला आणि वाचला, तर काठावर आणल्याबरोबर तिने आधी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या, मग त्याला श्वास घेता येईना इतकं उराशी धरलं. बायाबापड्यांनी थोबाडीत तेवढ्या लक्षात ठेवल्या.

चौऱ्याण्णव साली यादवची बायको म्हणून सायखेड्याची छाया आली. हळू आवाजात बोलणाऱ्या घरातली पोर. कुसाबाईचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून जीव जडला. झालं, मग काय विचारता! "एवढी पाटी उचलतीस, कंबर मोडंल, अक्कल हाय का तुला?" असं ओरडून ती पाटी आपल्याच डोक्यावर घ्यायची. छायाला पाटी दिसायची नाही, अक्कल तेवढी ऐकू यायची. ती मुकाट डोळे पुसायची.

नव्याण्णव साली दसऱ्याच्या तोंडावर यादव लुनावर फुलं घेऊन बाजाराला निघाला आणि पेठ नाक्यावर ट्रकखाली गेला. घरात उरल्या दोघी, आणि छायाचा तान्हा साई.

नवव्या दिवशी छायाचा भाऊ नाथा आला. म्हणाला, "ताई, दहावा झाला की घरी चल."

"आत्याबाईंनी एकदा राहा म्हटलं, तर मी इथून हलायची नाय," छाया म्हणाली.

चुलीपाशी बसलेल्या कुसाबाईने ते ऐकलं. तेव्हापासून तो एक शब्द ती तोंडात घोळवत होती. नुसतं 'राहा'. पण ही गेली तर, ह्या भीतीपुढे तो बाहेर पडेना.

दहाव्याला सगळे गोदाघाटावर जमले. पिंड मांडले. कावळे भिंतीवर बसून होते, शिवायला एकही येईना. म्हणजे यादवचा जीव कशात तरी अडकला होता. कुसाबाईचा दीर भिका हात जोडून म्हणाला, "मळा इकणार नाय रे, जा सुखानं." कावळा हलला नाही. नाथा म्हणाला, "दाजी, साईला शिकवू." तरी नाही.

"वहिनी, आता तुम्ही बोला. तुमचा शब्द पोचंल त्याला," भिका म्हणाला.

कुसाबाई पुढे झाली. छायाने मान वर केली. शब्द अगदी ओठावर होता. तेवढ्यात तिला नाथाने भिंतीशी आणून ठेवलेली छायाची पिशवी दिसली, आणि ती भीतीच तोंडातून फुटली.

"न्यायचीच हाय ना तिला? मग न्या एकदाची! नको मला ती माझ्या घरात!"

फडफड झाली. कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

घाटावरच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "हीच इच्छा होती बघा त्याची," कुणीतरी म्हणालं. पिंडापुढे दिलेला शब्द, तोही कावळ्याने उचललेला. तो मागे घ्यायची कुणाची छाती होती?

छाया तिच्यापुढे वाकली, पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच थांबली. अजूनही वाट बघत होती पोर. कुसाबाईने तोंड उघडलं.

"बघतीस काय? लेकराला टोपडं घाल, ऊन लागतंय. एवढंबी कळत नाय?"

छायाने टोपडं घातलं आणि ती नाथाच्या मागे जीपमध्ये जाऊन बसली.

जीप वळली तशी कुसाबाई पायरीवर बसली आणि शिव्या देत सुटली. कावळ्याला दिल्या, नाथाला दिल्या, मेलेल्या यादवला दिल्या. कपडे वाळत घालणाऱ्या दोन बाया थबकल्या. "पोटचा पोर गेला, सून हाकलली," एक दुसरीला म्हणाली, "आन् टिपूस नाय बघ हिच्या डोळ्यात."