हौदाची भाक

दगडाबाईला गाव अजून नगरसेविका म्हणूनच ओळखतं. ज्या वार्डातून ती निवडून आली तो वार्ड आता नकाशावर नाही, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. रोज सकाळी ती ढकलगाड्यावर निळे ड्रम ठेवून माझ्या पिठाच्या गिरणीपाशी येते, बोअरचं पाणी भरते आणि थांबत थांबत, गुडघे चोळत मेंढवाड्याकडे निघते. जाणारेयेणारे "काय नगरसेवक" म्हणून हाक मारतात. मला त्या हाकेचा राग येतो. तिला आता कशाचाच येत नाही.

मेंढवाडा ही आमच्या तालुक्याच्या गावाला चिकटलेली धनगरांची वस्ती. शिरूर कासारकडून आलात की आधी मेंढरांचा वास लागतो, मग गाव. पूर्वी ती हद्दीबाहेर होती. पालिकेला घरपट्टी हवी होती म्हणून वस्ती आत घेतली, आणि घरपट्टी घेतली की मताचा हक्कही द्यावा लागतो म्हणून तिचा एक वार्ड केला. पहिल्याच निवडणुकीत ती जागा महिलेसाठी सुटली. उभं राहायला कुणी बाई तयार होईना. शेवटी सटवाची बायको चार माणसांत बोलायला भीत नाही, तिलाच उभी करा, असं ठरलं. सटवाला कुणी विचारलं नाही. दगडाबाईला तर नाहीच नाही.

तिथली रीत अशी, की मोठा शब्द द्यायचा तो खंडोबाच्या देवळापुढं, हातात बेल-भंडारा घेऊन. सगळ्या वस्तीने भंडारा उचलला, की मत दगडाबाईलाच. मग म्हातारी माणसं म्हणाली, आता तू काय देतेस? उन्हाळ्यात मेंढरांना प्यायला पाणी नसायचं, कळप घेऊन पार चकलांब्याच्या अंगाला जावं लागायचं. दगडाबाईनेही भंडारा उचलला. देवळापुढं हौद बांधीन आणि तो कोरडा पडू देणार नाही, असं बोलून बसली. निवडणुकीत माणूस काहीही बोलतो. पण दुसरे लोक माईकवर बोलतात, ही देवापुढं बोलली, आणि "नगरसेविका असेपर्यंत" एवढे दोन शब्द मधे घालायचं तिला सुचलं नाही. सही कुठं करायची ते पालिकेत पुढं बाबू लोक दाखवत असत. भंडाऱ्याला मुदत घाल, हे सांगायला कोण होतं?

ती निवडून आली. सभेत विषय कोणताही असो, ही उठून हौदाचंच बोलायची. बाकीचे हसायचे, आणि शेवटी कंटाळून त्यांनी हौद दिला. नळ आला, हौद भरू लागला. पुढच्या खेपेला तिचा चुलत दीर रामकिसन निवडून आला, तेव्हाही नळ चालू राहिला. मेंढवाड्याचे बरे दिवस म्हणायचे ते एवढेच.

मग वार्डांची रचना बदलली. कच्चा नकाशा पालिकेत लावला, हरकती मागवल्या. तेव्हा निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली आणि उरलेली मेंढरांमागे रानात. दारांना कुलपं. हरकत काय कुलपांनी घ्यायची? वस्तीच्या मधल्या रस्त्यावरून रेघ मारली आणि निम्मी घरं इकडच्या वार्डात, निम्मी तिकडच्या वार्डात गेली. आता मेंढवाड्याची मतं कुणाला निवडून आणायलाही पुरत नाहीत आणि पाडायलाही पुरत नाहीत. हौद नेमका रेघेवर राहिला. रस्ता रुंद करताना त्याचा पाइप तुटला. इकडचा नगरसेवक म्हणाला, हौद तिकडचा आहे. तिकडचा म्हणाला, मेंढरं इकडची आहेत. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं.

तेव्हापासून हा ढकलगाडा. मी तिला कितीदा तरी समजावलं की बाई, वार्डच गेला, आता शब्द कसला घेऊन बसलीस? ती ड्रमचं झाकण लावत म्हणाली, "भंडारा म्या वार्डाला इचारून उचलला न्हवता."

यंदा डॉक्टरने बजावलं, गाडा ढकलणं बंद कर, नाहीतर चालणंही बंद होईल. तेव्हा तिने पुजाऱ्याला, माऊलीला, भाक कशी सुटते ते विचारलं. माऊली म्हणाला, ज्यांच्यापुढं उचलली त्यांच्यातल्या एकाने जरी देवापुढं "मोकळी केली" म्हटलं, तरी सुटलीस. एवढंच होतं. दगडाबाई हरखली. ऊसतोडीला गेलेले परत येईपर्यंत, पाडव्यापर्यंत, तिने कसाबसा गाडा रेटला.

पाडव्याला सगळे देवळापुढं बसले. मीही गिरणी बंद करून गेलो होतो. भंडारा मी उचलला नव्हता, त्यामुळे मला बोलायचा हक्क नव्हता. दगडाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "लई थकले रे बाबांनो. मला मोकळी करा."

कुणी बोललं नाही. रामकिसन चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. बायकांनी पदर पुढं ओढले. ही माणसं वाईट नाहीत. ती आजारी पडली तर अर्ध्या रात्री धावतील, तिच्या तोंडात घास भरवतील. पण तो एक शब्द कुणी बोललं, की उद्या सकाळी गाडा कुणी ढकलायचा, हा प्रश्न तिथंच बोलणाऱ्याच्या गळ्यात पडणार होता. मागे हौदावर मेंढरं पाणी पीत होती, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. दगडाबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी सटवाकडे पाहिलं. त्यानेही मान खाली घातली.

परतताना मी त्यांच्याबरोबरच होतो. ती सटवाला म्हणाली, "अवं, तुमी तरी बोलायचं."

सटवा पुढं चालता चालता, मागे न बघता म्हणाला, "मेंढरं माझी बी हायती."

दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडायला गेलो, तर ती ड्रम घेऊन माझ्या आधीच येऊन बसली होती.