डोमाजींचा अंगठा आणि रीताचे बोंबील

बोरगाव मेघेत कुणाच्या घरी मासोळीचा बेत ठरला, की तेल-मसाल्याच्या आधी डोमाजींना शोधावं लागे. डोमाजी मासोळी विकत नसत आणि पकडतही नसत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस पाटबंधारे खात्यात कालव्यावरचा चौकीदार म्हणून चौतीस वर्षं सायकल दामटत फिरला आणि निवृत्त झाला. पण त्या चौतीस वर्षांत कोणत्या धरणाचं पाणी कुठल्या शिवारात जातं, कुठल्या डोहात भर उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी राहतं आणि त्या पाण्यात काय पोहतं, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. घरातल्या कुठल्या डब्यात काय आहे ते मात्र त्यांना आजही माहीत नाही, असं त्यांच्या बायकोचं, अनुसयाबाईंचं, म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खाण्याचे दिवस. त्या दिवशी डोमाजी मोपेड काढून बाजारात जात. गेल्या गेल्या पहिला प्रश्न, ‘‘कोणत्या पाण्यातली?’’ बोर धरणाची रोहू अंगानं घट्ट, गावतळ्यातलीला चिखलाचा वास, आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फावर निजून आंध्रातून आलेलीला विकणारे बिनदिक्कत इथलीच म्हणत. डोमाजींचं एवढ्यावर भागत नसे. जाळं कुणी टाकलं, केव्हा टाकलं, पाणी गढूळ होतं का निवळ, सगळं हवं. बाजारात वर्षानुवर्षं मरळ आणि झिंगे घेऊन बसणारी अन्नपूर्णाबाई त्यांना म्हणायची, की मासोयी घेऊन राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?

चौकशी झाली, की अंगठा. मासोळीच्या पाठीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. मांस झटकन वर आलं तर ताजी. खळगा राहिला तर डोमाजी काही न बोलता पुढे सरकत, आणि त्यांच्या मागं उभे असलेले चार-पाच जणही पुढे सरकत. विकणाऱ्यांना त्या अंगठ्याचा धाक होता.

नव्या मासोळीची बातमी कानावर आली, की डोमाजींना चैन पडत नसे. एकदा कुणीतरी तळेगावच्या बाजारात वाम येते असं सांगितलं, तर दीड तास मोपेड हाकत गेले आणि एक वाम व डझनभर नव्या माहित्या घेऊन परतले. अनुसयाबाईंनी वाम ठेवून घेतली. माहिती शेजारच्या हिरालालला ऐकावी लागली.

अशा माणसाच्या घरापासून दोन वळणांवर रीताचं दुकान उघडलं, तेव्हा काय झालं असेल! पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ताजी समुद्री मासळी, फक्त रविवारी’. रीता मूळची सिंदीची. नवऱ्याच्या नोकरीपायी आठ वर्षं वसईला राहून आली होती आणि तिथं मासळीबाजारात बसणाऱ्या बायकांच्या शेजारात राहून सगळं शिकली होती. शनिवारी संध्याकाळी तिथून बर्फाची पेटी गाडीवर चढायची आणि रविवारी सकाळी वर्धा स्टेशनावर उतरायची. दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर इथंच राहायचं, नाहीतर परत वसईला जायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. सिंदीला आई एकटी होती. तिला गुडघ्यामुळे धड उठता येत नव्हतं. रीता हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, त्यामुळे गल्लीत ते सगळ्यांनाच माहीत होतं.

पहिल्या रविवारी डोमाजी पोचले तेव्हा दुकानापुढं वीसेक माणसं उभी होती. कुणी घेत नव्हतं. सगळे नुसते बघत होते. ‘‘डोमाजी आले, आता समजते,’’ असं कुणीतरी म्हणालं आणि वाट मोकळी झाली.

डोमाजींनी समुद्र पाहिला नव्हता. समोर पसरलेल्या बर्फावर चपटे, चंदेरी, लांबोडके असे नाना जीव होते आणि त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. त्यांच्या पोटात प्रश्नांची नुसती गर्दी झाली. हे काय? हे खाऱ्या पाण्यात कसं जगतं? याला खवले का नाहीत? पण वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ज्याला सगळे विचारतात त्यानं सगळ्यांदेखत विचारायचं कसं? आयुष्यात पहिल्यांदा डोमाजींना प्रश्न विचारायची लाज वाटली. त्यांनी सरळ हात पुढं केला आणि सगळ्यांत जवळ जे होतं त्यावर अंगठा दाबला.

ते बोंबील होते. अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला. खळगा भरेना. मासोळी हातात लिबलिबली, तिच्यातून पाणी सुटलं. डोमाजींनी हात मागं घेतला.

‘‘गेलेली हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आतून सडली.’’

रीता काहीतरी म्हणायला गेली, पण माणसं पांगायलाही लागली होती. एका मासोळीवरून बाकीच्यांचाही निकाल लागला. तासाभरात बोरगावभर झालं, की नव्या दुकानात सडकं विकून राह्यले.

डोमाजींच्या माडीवर सुरभी नावाची नर्स भाड्यानं राहत होती. ती अलिबागकडची. दुपारी ती ड्यूटीवरून आली ती हातात जड पिशवी घेऊन आणि चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद घेऊन. थोड्या वेळानं तिनं अनुसयाबाईंकडे वरवंटा मागितला. वरवंटा कशाला, हे कळल्याशिवाय डोमाजींना बसवेना. ते जिना चढून वर गेले.

माडीवर परातीत कापडावर तीच मासोळी ओळीनं मांडलेली होती. वर पाट, पाटावर वरवंटा.

‘‘हे खाऊ नको, बाई,’’ डोमाजी घाबरून म्हणाले. ‘‘मी सकाळी पाह्यलं. सडले आहेत.’’

सुरभी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं एक बोंबील उचलून त्यांच्यापुढं धरला. अंग कसं गुलाबीसर चकचकीत आहे ते दाखवलं, वास घ्यायला लावला. वास नव्हताच. बोंबील जन्मापासूनच असा मऊ असतो, त्याच्या अंगात पाणीच फार, म्हणून तळण्याआधी वजनाखाली दाबून ठेवतात, असं तिनं समजावलं. ‘‘काका, इतके ताजे मला घरून आल्यापासून मिळाले नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी घेत नव्हतं, म्हणून त्या ताईंनी मला सगळेच देऊन टाकले. रडवेल्या झाल्या होत्या.’’

मग डोमाजींचे अडलेले सगळे प्रश्न बाहेर पडले. पाणी किती निघतं? दाबल्यावर काटे मोडत नाहीत का? खाऱ्या पाण्यातली मासोळी खारट का लागत नाही? सुरभी उत्तरं देत देत तांदळाच्या पिठात बोंबील घोळवत होती. पहिला तुकडा डोमाजींनी जपून तोंडात घातला. वरून कुरकुरीत, आणि आत काही चावायलाच नाही, जिभेवर विरघळून गेला. त्यांनी चार खाल्ले. पाचवा हातात घेतला आणि खाली ठेवला. अंगठ्याच्या एका दाबानं आपण काय करून बसलो, हे त्यांना आता पुरतं कळलं आणि फार वाईट वाटलं.

तसेच उठून ते दुकानावर गेले. रीता फरशी धूत होती. पापलेटांची पेटी परत बांधलेली कोपऱ्यात होती.

‘‘बाई, मी चुकलो,’’ डोमाजी दारातूनच म्हणाले. ‘‘तुमची मासोयी चांगली होती. मी आता खाऊन आलो.’’

रीतानं बादली खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो असता तर डोमाजींना सोपं गेलं असतं.

‘‘काका, तुमी बाजारात साऱ्याइले इचारता, कोणत्या पाण्यातली म्हणून. मी सिंदीले असल्यापासून आयकत आली. मले वाटलं, मले बी इचारसान. सांगाले काय काय ठरवून ठेवलं होतं मी. तुमी इचारलंच नाई.’’

पुढच्या रविवारी बोंबील मागवजो, एवढंच डोमाजी म्हणाले. रीता म्हणाली, की आता कोण घेते? ते म्हणाले, तू मागवजो.

तो आठवडा डोमाजींना खायला उठला. बुधवारी ते बाजारात गेले नाहीत. अनुसयाबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

रविवारी रीताच्या दुकानापुढं माणसं होती, पण घ्यायला नव्हे. सडकं विकणारी बाई पुन्हा काय आणते, हे पाहायला आली होती. हिरालाल पुढंच होता. डोमाजी आले तशी माणसं मागं सरली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या उजव्या हातावर होत्या. त्यांनी तो हात सदऱ्याच्या खिशात घातला.

‘‘मागच्या रविवारी मी सडली म्हणलं होतं,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘ते खोटं होतं. मले समुद्राच्या मासोयीतलं काही समजत नाई. समजत नसून बोललो.’’

हिरालालनं बर्फाकडे पाहिलं, डोमाजींकडे पाहिलं, आणि सवयीनं विचारलं, ‘‘मंग घेऊ का नको?’’

‘‘मले नको इचारू. या बाईले इचार.’’

हिरालाल गोंधळला. मग रीताकडे वळून त्यानं एक बोंबील बोटानं दाखवला आणि हे काय असतं, असं विचारलं. रीतानं ओले हात पदराला पुसले, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. कुठल्या खाडीशी जाळी लागतात, होड्या केव्हा परततात, बर्फ कसा भरतात. डोमाजी गर्दीतून वाट काढत अगदी फळीपाशी गेले आणि तिचा शब्दन्‌शब्द ऐकत उभे राहिले.