बसा आधी

२० जानेवारी १९६८, शनिवार. मारेगावातल्या माझ्या घरामागच्या ओट्यावर मी एक जाड लोखंडी तवा राखेने घासत होते. तवा माझा नव्हता. शेजारच्या नर्सबाईंचा होता. महिनाभर सरपणाच्या ढिगाआड पडून त्याला गंज चढला होता.

या तव्यावर डबलरोटी भाजताना त्या वरून पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी दाबायच्या. दारात कोणी आलं की मान न वळवता म्हणायच्या, "बसा आधी. इचारा मंग."

लोक विचारायलाच येत. आमच्या गावात डबलरोटी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप उतरत नसला की चहात बुडवून द्यायची. धडधाकट माणूस भाकरी खातो. नर्सबाई दवाखान्यात नव्या आल्या, तेव्हा पहिल्याच शनिवारी यवतमाळच्या गाडीचा कंडक्टर त्यांच्या दारात डबलरोटी देऊन गेला. रविवारी सकाळी समोरच्या वहिनी उंबऱ्यावर हजर.

"नर्सबाई, कोण बिमार हाय वो?"

"कोणी नाही. नाश्ता हाय. बसा आधी."

"नाही बाप्पा, चूल पेटून राह्यली माही," म्हणत वहिनी निघाल्या. गल्लीतल्या सगळ्याच चुली त्या दिवशी पेटत्या होत्या.

तुम्हीही अशी गल्ली पाहिली असेल. नर्सबाई छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. त्यांच्या हातून बाळंत व्हायला कोणाची ना नव्हती. त्यांच्या हातचं खायला मात्र डबलरोटीत अंडं असतं, हे निमित्त सोयीचं होतं.

मी शाळेत मास्तरीण, आणि मला भूक लवकर लागते. एका रविवारी मी बसले. अंडं माझ्या माहेरी चालत नसे. माझ्या पोटात चाललं.

त्यांची कृती अशी. कांदा आणि हिरवी मिरची बारीक चिरून दोन अंड्यांत फेटायची. तव्यावर जाडसर पोळी टाकायची. डबलरोटीच्या एका कापाला जवसाची चटणी तेलात कालवून लावायची, दुसरा काप कोराच. मध्ये अंड्याची पोळी. मग तांब्या.

"एवढं दाबायचं कशाला?" मी विचारलं.

"दाबलं नाही तं चटनी एकीकडे अन् अंडं एकीकडे. एका घरात राहून बोलत नाही तशे."

त्या नेहमी दोघींपुरतं करायच्या, कोणी येवो न येवो. मी नव्हते त्या दिवसांत दुसरा वाटा दुपारी दवाखान्यात जाई. "एकटीनं खाल्लं तं पोट भरते," त्या म्हणायच्या, "पन नाश्ता होत नाही, मास्तरीणबाई." त्यांचा दुसरा पाट भिंतीशी टेकवलेला नसे, मांडलेला असे. रविवारी मी त्यावर बसू लागले. आणखी कोणी बसलं नाही. हळूहळू गल्लीने आजाऱ्याची चौकशी करणंही सोडलं. नर्सबाईंकडे डबलरोटी येते, एवढंच.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी कांद्याचा वास आला नाही. मी गेले. त्या भिंतीला टेकून डबलरोटीचा तुकडा कोऱ्या चहात बुडवत होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे.

"बसा आधी."

"बसते. तवा कुठं आहे?"

"चुलीवरून उतरवला. आता गल्लीचंच खरं झालं पहा. बिमाराचीच झाली डबलरोटी." आणि हसल्या.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा भाचा त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. जाताना त्यांनी तवा माझ्या हाती दिला. "वापरत जा. नुसता ठेवला तं गंजते." मी तो ठेवला. एकटीसाठी कोण एवढा घाट घालतं?

महिन्याने, वीस जानेवारीच्या त्या शनिवारी संध्याकाळी, कंडक्टर दारात उभा राहिला. भाचा त्याला यवतमाळच्या स्टँडवर भेटला होता.

"नर्सबाई गेल्या, मास्तरीणबाई."

मी विचारलं, "गाडीत डबलरोटी आहे का?"

"हाटेलवाल्याची हाय एक."

"ती दे."

मग मी तवा काढला आणि घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. कांदा चिरला, मिरची चिरली, जवसाची चटणी तेलात कालवली. दोन पाट मांडले. माझ्या घरी डबलरोटी पहिल्यांदाच आलेली गल्लीने पाहिली होती. समोरच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"मास्तरीणबाई, कोण बिमार हाय?"

"बसा आधी," मी म्हटलं.

वहिनी बसल्या. मी त्यांच्यापुढे ताटली ठेवली आणि नर्सबाई गेल्याचं सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला, आणखी एक घेतला.

"अंडं हाय काय यात?"

"आहे."

त्या खात राहिल्या. "मास्तरीणबाई, एवढे वर्सं शेजारी राह्यली बाई. आमाले काहून नाही देल्लं तिनं?"

मी दुसरी जोडी तव्यावर ठेवली, वर तांब्या ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला.