नणंदबाईंच्या हातची गोळी

आमचे मालक ट्रॅक्टरवर कारखान्याला ऊस वाहतात. गाळप सुरू झालं की त्यांच्या झोपेचा पार बट्ट्याबोळ. कधी पहाटे निघायचं, कधी दुपारभर कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवरच डुलक्या काढायच्या, वर कपावर कप चहा ढोसायचा. मग घरी अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. त्याचा सगळा राग माझ्यावर. भाजीत मीठ जास्त, चहात साखर कमी, पंख्याचा आवाज लई. जसं काय पंखा मीच फिरवत होते.

गावात वैद्यांना काय तोटा! कुणी जायफळ उगाळून दिलं, कुणी तळपायाला खोबरेल चोळायला सांगितलं. डॉक्टरला दाखवा, एवढं मात्र एकालाही सुचलं न्हाय.

शेवटी नणंदबाई धावून आल्या. माहेरी येणारी लेक रिकाम्या हातानं कशी येईल? त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यासंगं स्वतःच्या झोपेच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना थोड्या दिवसांपुरत्या लिहून दिल्या होत्या. उरलेल्या फेकायच्या कशा? ताटातलं अन्न आणि पाकिटातली गोळी वाया घालवायची न्हाय, हा आमच्या घराचा धर्म. सासूबाई तर म्हणाल्या, बहिणीच्या हातची वस्तू हाय, गुण येणारच.

आणि आला की हो गुण! खोटं कशाला बोलू. मालक गाढ झोपायला लागले, माणसात आले. एकदा तर भाकरी चांगली झालीय म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती गोळी देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहावं असं मला वाटलं.

पाकीट संपलं तसं कुठून तरी दुसरं आलं. मग एका गोळीनं भागेना, म्हणून यांनी आपल्या मनानंच दीड केली. सकाळी डोळे जड, जीभ जड, आणि तसेच जाऊन स्टेअरिंगवर बसायचे. कुणाच्या तरी अंगावर घालाल, असं मी टोकलं तर म्हणाले, बायकांना ट्रॅक्टरमधलं काय कळतं. खरंच की, आम्हाला कुठलं कळायला!

एका सकाळी अंगणातून कडकड आवाज आला. तव्यावरची भाकरी टाकून मी पळाले. मालकांनी ट्रॅक्टर मागं घेतला होता आणि सासूबाईंच्या बाजेचा चुराडा झाला होता. त्या वेळेला सासूबाई रोज त्या बाजेवर उन्हाला बसलेल्या असतात. त्या दिवशी तोंड धुवायला नळावर गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मालक खाली उतरले, बाजेकडं बघितलं आणि मला विचारलं, "ट्रॅक्टर कुणी चालू केला?"

मला लई भीती वाटली, आणि ती ट्रॅक्टरची नव्हती.

त्याच दिवशी एसटीनं त्यांना धाराशिवला नेलं. डॉक्टरबाईंनी पहिलं विचारलं, गोळी कुणी दिली? बहिणीनं, मालक म्हणाले. बहीण डॉक्टर आहे का? न्हाय, तिचं ऑपरेशन झालंय. बाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी नीट समजावलं. गोळी वाईट न्हाय. तपासून, थोडे दिवस, सांगितली तेवढीच घेतली तर तिचा आधार होतो. पण तिचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो, सवय लागते, आणि एखाद्याला आपण काय केलं तेही आठवत न्हाय. आता ती एकदम तोडायची न्हाय, सांगीन तशी हळूहळू कमी करायची, आणि तोवर ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाय. दुपारनंतर चहा बंद, दिवसाच्या डुलक्या बंद, रोज ठरल्या वेळेला उठायचं. मालकांचं तोंड उतरलं. एवढ्या लांब येऊन सलाईन न्हाय, इंजेक्शन न्हाय, उलट चहाच काढून घेतला! असला कसला डॉक्टर? मला वाटलं, आता हे उठून चालायला लागतात.

डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी कमी होताना झोप परत उडेल, काही दिवस त्रास होईल, तयारी आहे का?

मालक मान खाली घालून बसले होते. तसेच म्हणाले,

"उडू द्या झोप. जागा असलो तर माय दिसंल तरी."