चष्मेवाल्यांची साडेसहा फुटी काठी

गल्लीतल्या चष्मेवाल्यांना सगळे 'हेकाते' म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नाही, कारण गल्लीतल्या निम्म्या नाकांवर त्यांच्याच हातचे चष्मे आहेत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ती लोखंडी चौकट चढवायची, भिंगं सटासट बदलायची आणि विचारायचं, "हे बरं की ते? आता हे, की ते?" वीस वर्षं हाच जप. आणि गंमत अशी, की जगाला निवड करायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला काही म्हणजे काही निवडता येत नाही. दुकानाला नवा पडदा कुठल्या रंगाचा घ्यावा, यावर त्यांनी वर्षभर विचार केला. शेवटी जुना पडदाच कंटाळून खाली आला. लग्नाचंही बायकोनंच ठरवलं, असं ती स्वतःच चारचौघांत सांगते.

अशा माणसाला सासऱ्यांचा निरोप आला: 'रविवारी ओढ्यावर या. गळाची काठी स्वतःची आणा.'

लग्नानंतरच्या चौदा वर्षांतलं हे पहिलं बोलावणं. सासरे म्हणजे साधं प्रकरण नव्हे. जन्मभर पूल तपासायची नोकरी. हातोडीनं ठोकून कुठं पोकळ वाजतंय ते ऐकायचं. निवृत्त झाल्यावर पूल संपले, मग माणसं ठोकायला घेतली. छंद एकच. दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधायची, ओढ्यावर फेकायची आणि मासा लागला की हळूच सोडवून पाण्यात सोडायचा. जावयाला मात्र सोडत नाहीत.

धाकट्या जावयाचं, म्हणजे चष्मेवाल्यांच्या साडूचं, काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. गडी नऊ फुटांची झोकदार ग्राफाइटची काठी घेऊन गेला. ओढा दोन ढांगांचा, वर झाडांची कमान. पहिल्या फेकीला माशी फांदीत, दुसऱ्या फेकीला काठी फांदीत, आणि तिसऱ्या खेपेला साडू स्वतःच फांदीवर. सासऱ्यांनी माश्यांचा डबा मिटून घर गाठलं. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सासरच्या गोतावळ्यात त्याला 'फांदी' म्हणतात. नातवंडंसुद्धा विचारतात, "फांदीकाका आले का?"

नाव पडण्याचं एक वेळ सोसलं असतं. पण सासूबाई गेल्यापासून म्हातारबुवा एकटे राहात, कुणाला उंबरा ओलांडू देत नसत. दोन वाक्यं बोलून फोन ठेवून देत. त्यानंतर चष्मेवाल्यांची बायको कोरड्या ओट्यावरून फडकं फिरवत उभी राही.

"एवढं एकदा जमवा हो," ती म्हणाली. "तुमच्या निमित्तानं तरी ते दार उघडेल."

झालं! त्या आठवड्यात चष्मेवाल्यांनी पोस्टमास्तरांच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे बसवलं. मास्तर दुकानाबाहेर पडले आणि दिव्याच्या खांबाला 'कसं काय?' म्हणाले.

गळवाल्याच्या दुकानात चष्मेवाले चार दिवस रोज जात होते. माशी कशी फेकायची तेही निरोप आल्यावर त्याच्याकडूनच शिकले होते, शाळेच्या मैदानावर, गवतात. ओढा अजून पाहिला नव्हता. गळवाल्यानं पाच काठ्या मांडल्या होत्या. चष्मेवाले एकेक उचलत, हवेत हलवत, खाली ठेवत आणि घाम पुसत.

"अहो, नुसती हलवून काय कळणार?" गळवाला वैतागला. "माशीला वजन नसतं. फेकायचा असतो तो दोर. दोराचा भार काठीत उतरला पाहिजे. ही ग्राफाइटची ताठ आहे, तिला लांब दोर सोडल्याशिवाय जाग येत नाही. लहान ओढ्यावर दोर सुटणार किती? दोन-तीन वाव, म्हणजे बारा-अठरा फूट. तिथं फायबरग्लासच हवी. सावकाश वाकते, पण मुठीपर्यंत वाकते."

"फायबरग्लास तर फायबरग्लास. पण सहा फुटी की साडेसहा? की सात?"

"साडेसहा घ्या."

"आणि सात लागली तर?"

"मग सात घ्या!"

"पण फांद्या..."

शनिवारी दुपारी बायकोच तिथं येऊन ठेपली. तिनं गळवाल्याला सगळ्या काठ्यांना दोर ओवायला लावले आणि नवऱ्याला मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"डोळे मिटा."

"अगं, डोळे मिटून कसं..."

"गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता? विचार करायचा नाही, पहिलं तोंडाला येईल ते बोलायचं. हं, फेका. आता ही फेका. हे बरं की ते?"

"तशी पहिली जरा..."

"जरा नको. हे की ते?"

"हे."

"आता हे की ते?"

"ते!"

तीन मिनिटांत निकाल लागला. डोळे उघडून बघतात तर हातात साडेसहा फुटांची, मधाच्या रंगाची फायबरग्लासची काठी. चार दिवस जिला उचलून हवेत हलवलं आणि 'फारच मऊ' म्हणून खाली ठेवलं, तीच. गळवाल्यानं ती लगेच गुंडाळली, न जाणो पुन्हा विचार सुरू व्हायचा.

रविवारी ओढ्यावर सासऱ्यांनी आधी काठी हातात घेतली. मुठीपासून टोकापर्यंत नखानं टकटक वाजवत गेले आणि कान देऊन ऐकलं. चष्मेवाल्यांना वाटलं, आपल्याच बरगड्या वाजताहेत.

"कुणी निवडली?"

थाप मारायची इच्छा झाली, पण जीभ वळेना. "डोळे मिटून घेतली, बाबा."

"हं," सासरे म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ काय, याची काळजी करायला चष्मेवाल्यांना उसंत मिळाली नाही, कारण सासरे माशी बांधायला लागले होते. हात लांब केला. मान मागे नेली. दोराचं टोक माशीच्या बारीक नेढ्याच्या डावीकडून गेलं, मग उजवीकडून, मग अंगठ्यात रुतलं.

"तुम्ही ओवा, जावईबापू. माझे हात ओले आहेत."

हात ठणठणीत कोरडे होते. चष्मेवाल्यांनी वीस वर्षं लांबवलेल्या हातांची हीच तऱ्हा पाहिली होती. चौदा वर्षांनी बोलावणं का आलं, ते लख्ख उमगलं: म्हातारबुवांना जवळचं दिसेनासं झालं होतं. ओवून द्यावं आणि गप्प बसावं, तर म्हातारा एक दिवस ओढ्यात पडेल. बोलावं, तर आजच डबा मिटेल आणि दार कायमचं बंद. हे की ते?

पहिलं तोंडाला आलं ते त्यांनी केलं. कोटाच्या खिशात नमुन्याचे दोन चष्मे असायचेच. त्यांनी एक सासऱ्यांच्या नाकावर चढवला, तो काढून दुसरा चढवला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "हे बरं की ते?"

ओढा वाहायचा थांबला असं वाटलं. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

"पहिला कमी... म्हणजे तसा तोही..."

"विचार करायचा नाही, बाबा."

"दुसरा!" सासरे खेकसले, आणि माशी एका दमात ओवली.

दिवसभर त्यांनी चष्मा उतरवला नाही आणि मधाळ काठी खाली ठेवली नाही. फांद्यांच्या कमानीखालून दोर असा अलगद जाई, की चष्मेवाले दगडावर बसून बघत राहिले. सात मासे लागले, सातही सुटले.

निघताना सासरे म्हणाले, "आज रात्री जेवायला थांबा. माझ्या लेकीलाही बोलवा. आणि पुढच्या रविवारी स्वतःची काठी आणा."

"ही माझीच आहे, बाबा."

"होती."

सोमवारी गळवाल्यानं चष्मेवाल्यांना लांबूनच येताना पाहिलं आणि आत हाक मारली, "अंगण मोकळं करा रे, हेकाते आले!"