बब्रुवानची टोपी

बब्रुवान मगर तीन तालुक्यांत माहीत होता, म्हणजे खरं तर त्याची टोपी माहीत होती. चेहऱ्याचं कुणाला फारसं अगत्य नव्हतं.

माळावरून पाइपलाइन न्यायची तर चारी खणावी लागते. चारीत काळा दगड लागला की शांतलिंगचा कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दगडानं जिथं जिथं डोकं काढलंय तिथं ट्रॅक्टर भोकं पाडतो. बब्रुवान त्यात सुरुंगाचे टोटे भरतो, वाती पेटवतो, शंभर पावलं मागं येतो आणि ट्रॅक्टरच्या आडोशाला उभा राहून बार मोजतो. सात पेटवल्या आणि सात उडाल्या तर चहा. सात पेटवल्या आणि सहाच उडाल्या तर टोपी.

न उडालेल्या भोकाला शांतलिंगच्या टोळीत मुकं भोक म्हणत. वाती सारख्या जळत नाहीत, त्यामुळं क्रमावर भरवसा नसतो. धुरळा बसल्यावर सगळीकडं दगडांचे सारखेच ढीग दिसतात. पण आवाज कुठून कुठून आला आणि कुठून आलाच नाही, हे बब्रुवानला कळायचं. तो शांतपणे चालत जायचा, डोक्यावरची पांढरी टोपी काढायचा आणि एका ढिगावर ठेवायचा. तिच्या अल्याड-पल्याड पाच पावलं त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिथं शेजारी नवं भोक पाडून दोन्ही एकदम उडवायची. बाकी चारीत काम लगेच सुरू व्हायचं, आणि पहार घेऊन पहिली उतरायची ती त्याची बायको मथुराबाई.

"टोपीखाली मरण, बाकी रान मोकळं," असं शांतलिंग नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. या वाक्याचा पहिला भाग ऐकून लोक दचकत. घाबरावं असं त्याच्या दुसऱ्या भागात आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सव्वीस वर्षांत टोपी अकरा वेळा ठेवावी लागली होती आणि अकराही वेळा बरोबर निघाली होती.

महाशिवरात्रीनंतरच्या एका सकाळी बब्रुवान उठला तो डाव्या कानात पंपाची घरघर घेऊन. पंप शेजारच्याचा असेल म्हणून त्यानं शेजारच्याला शिव्या दिल्या. शेजाऱ्याचा पंप पंधरवड्यापासून जळलेला होता. दुपारपर्यंत कळलं की डाव्या कानात घरघरीशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

मग उपचार सुरू झाले. पहिला आठवडा लसणाच्या तेलाचा. दुसरा आठवडा मेडिकलवाल्यानं न बघता दिलेल्या थेंबांचा. तिसऱ्या आठवड्यात बाजारात एकानं कानातून काडीनं मळ काढून दाखवला, तो बघून बब्रुवानला बरंही वाटलं. एवढं निघालंय म्हणजे काहीतरी होतंय, असा त्याचा हिशेब. ऐकू मात्र काही आलं नाही.

त्याच तिसऱ्या आठवड्यात धाराशिवकडच्या वाशीला, वैजनाथ नावाच्या गिऱ्हाइकाच्या माळावर, सात पेटवल्या आणि सहा उडाल्या. बब्रुवान गेला आणि टोपी ठेवून आला. दुसऱ्या दिवशी टोपीच्या शेजारी नवं भोक पाडून उडवलं. दोन भोकांच्या मानानं बार जरा बारीक वाटला, पण उडाला. पाइप गाडली, माती लोटली. टोपी बारावी झाली.

लेक निकिता धाराशिवला फार्मसी शिकत होती. सुट्टीला आली तेव्हा तिनं दोन जेवणांत ओळखलं की अण्णा डावीकडून मागितलेलं मीठ देत नाहीत. तिनं दोघांना उचलून सोलापूरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तोवर चाळीस दिवस झाले होते.

बाईंनी तपासण्या केल्या. डोक्याचा एमआरआयही काढायला लावला, कारण एकच कान असा गेला की आत शिरेवर गाठ तर नाही ना, हे बघावं लागतं. गाठ नव्हती.

"पहिल्या दोन आठवड्यांत आला असतात तर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असत्या," बाई म्हणाल्या. "काहींचं ऐकणं परत येतं. सगळ्यांचं नाही. पण आता ती वेळ गेली."

"तेल घातलं हुतं की," बब्रुवान म्हणाला.

"ते भाजीत घाला."

मग बाईंनी समजावून सांगितलं. एक, काहीच करायचं नाही. माणसांच्या उजव्या अंगाला नव्हे, डाव्या अंगाला बसायचं, म्हणजे चांगला कान त्यांच्याकडं राहील. दोन, यंत्राची जोडी. डाव्या कानावरचं यंत्र तिकडचा आवाज पकडून उजव्या कानातल्या यंत्राकडं पाठवतं. तीन, कानामागच्या हाडाला थरथर देणारं यंत्र. तेही डावीकडचा आवाज कवटीतून उजव्या कानालाच पोचवतं. चार, ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं इम्प्लांट. मेलेल्या बाजूलाच काही ऐकवणारा तेवढा एक उपाय, पण त्याला महिनोन्‌महिने सराव लागतो आणि फळ प्रत्येकाला सारखं मिळत नाही.

"जोडी बरी," बब्रुवान म्हणाला. ऑपरेशन या शब्दाला तो सोलापूरच्या रस्त्यावरच नाही म्हणून बसला होता.

"जोडीनं डावीकडचं ऐकू येईल," बाई म्हणाल्या. "पण आवाज कुठून आला ते कळणार नाही. त्याला दोन कान लागतात. तुम्हाला सगळं उजवीकडूनच आल्यासारखं वाटेल. कामात तशी गरज पडते का? काय काम करता?"

मथुराबाईनं तोंड उघडलं.

"चारी खंदतो," बब्रुवान म्हणाला. "तशी गरज न्हाय."

मथुराबाईनं तोंड मिटलं. परतीच्या एसटीत ती तुळजापूरपर्यंत बोटांची पेरं मोजत होती. महाशिवरात्र कधी झाली, वाशीचं काम कधी झालं. निकितानं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय, दिवस मोजतीया."

यंत्र बसलं आणि बब्रुवानचा रुबाब वाढला. त्याला आता डावीकडचं कुजबुजणंसुद्धा ऐकू येई. बार तर असे खणखणीत मोजता येत की पूर्वी येत नव्हते. शांतलिंग लोकांना सांगू लागला, "आमच्या बब्रुवानच्या कानात मशिन हाय आता. डबल पावर." गिऱ्हाइकं वाढली. डॉक्टरीणबाईंनी उरलेला कान जपायला सांगितलं होतं, बार उडताना बोळा घाला म्हणाल्या असत्या, पण त्यांना बार माहीतच नव्हते. बोळा घातल्यावर मोजणार काय, हाही प्रश्न होताच.

महिनाभर मुकं भोक लागलं नाही. ते लागणार हे बब्रुवानला माहीत होतं. मथुराबाईलाही होतं. ती रोज पहिली चारीत उतरत राहिली.

मे महिन्यात मुरुम गावच्या अंगाला महालिंगप्पाच्या माळावर काम निघालं. सकाळी ट्रॅक्टर चालवता चालवता शांतलिंग म्हणाला, "वाशीच्या वैजनाथचा फोन आलता रात्री. पाइप कुठंतरी पाझरतीया म्हणं. चारी उकरून बघणार हाय जेसीबीनं."

"कवा?" मथुराबाईनं विचारलं.

"आज-उद्या. जेसीबी मिळंल तसं."

बब्रुवानच्या कानातलं यंत्र चालू होतं.

अकराच्या सुमाराला त्यानं सात वाती पेटवल्या आणि ट्रॅक्टरच्या आडोशाला आला. एक. दोन, तीन लागोपाठ. चार. पाच. बऱ्याच वेळानं सहा. मग नुसता टिटवीचा आवाज.

त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. सातवा आला नाही.

"यल्ली?" महालिंगप्पानं कानडीत विचारलं. कुठं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि सव्वीस वर्षं बब्रुवानचा धंदा त्याच्या उत्तरावर चालला होता.

सहाही बार त्याला उजवीकडून आले होते. टिटवीसुद्धा उजवीकडूनच ओरडत होती. तो चारीच्या कडेनं चालत गेला, साठ पावलं, शेवटापर्यंत, आणि परत मध्यावर आला. तिथल्या एका ढिगापाशी थांबला. टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात मथुराबाईनं पहार उचलली. ती चारीत उतरून डाव्या टोकाला गेली, ढिगाशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पहार वर धरली.

"ठिवा की टोपी," ती म्हणाली. "म्या सुरू करते."

"थांब जरा."

"का थांबू? टोपीखाली मरण, बाकी रान मोकळं. ठिवा तुम्ही."

"मथुरा, खाली ठिव ती."

"आधी तुम्ही ठिवा."

शांतलिंग हसला. नवरा-बायकोची थट्टा चाललीय असं त्याला वाटलं. मग पहार अजून तशीच वर आहे हे त्याला दिसलं, आणि तो हसायचा थांबला.

बब्रुवाननं काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पुरी चारी बंद," तो म्हणाला. "सगळे वर या. मला कळलं न्हाय कुठलं ऱ्हायलं ते. कान गेल्यापासनं कळत न्हाय."

मथुराबाईनं पहार अलगद, दगडाला लागणार नाही अशी, खांद्यावर घेतली आणि ती वर आली.

"त्यात काय एवढं," शांतलिंग म्हणाला. "आमाला काय कान न्हाईत? उजव्या टोकाचं ऱ्हायलंय."

"मधलं," महालिंगप्पा म्हणाला.

"मला डावं वाटलं," मथुराबाई म्हणाली.

दोन-दोन कानांची तीन माणसं एकमेकांकडं बघत राहिली. सव्वीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणी नीट ऐकलंच नव्हतं. ऐकायला बब्रुवान होता. ज्याच्या परवान्यावर टोटे येत त्या माणसाला फोन झाला. तो उद्या येऊन हातानं एकेक दगड उचलणार होता. महालिंगप्पानं काठी घेऊन गुरं दूर हाकली, आणि जाताना स्वतःही चारीपासून बराच लांबून गेला.

परतताना मथुराबाई बब्रुवानच्या डाव्या अंगाला बसली. मुरुम मागं पडल्यावर तिनं विचारलं, "अन् वाशीची टोपी?"

प्रश्न त्याला स्पष्ट ऐकू आला, उजव्या कानात. तो उजवीकडं वळला. तिकडं नुसता माळ होता, उन्हात पसरलेला.

त्यानं शांतलिंगला ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि वैजनाथला फोन लावला. बरीच रिंग गेली. मग पलीकडं इंजिनाची घरघर आणि तिच्यावरून वैजनाथचा आवाज.

"बोला तात्या! जोरात बोला, हितं जेसीबी चालूय!"

"बंद कर ते," बब्रुवान म्हणाला. "टोपी चुकली माझी. वाशीची टोपी म्या अंदाजानं ठिवली हुती."

घरघर थोडा वेळ तशीच चालू राहिली. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. मग ती एकदम थांबली, आणि पलीकडच्या शांततेत चालत येणारी पावलं ऐकू आली.

"हां, आता बोला तात्या," वैजनाथ म्हणाला. "काय म्हणलात? आयकू आलं न्हाय."