गेटवर अडकलेली गिटार

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची खाज मला कुठून सुटली, देव जाणे. रहाटणीच्या आमच्या गॅलरीत महिनोन्‌महिने लाकडाचा भुसा उडाला. बायकोने वाळलेले कपडे पुन्हा धुतले आणि प्रत्येक वेळी मला ऐकवलं. गिटार मात्र झाली, आणि दिसायला एकदम फक्कड! फक्त तारा पट्टीपासून इतक्या उंच, की दाबताना बोटांची सालटी निघायची. "शिकणार कधी?" असं कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "आधी तारा खाली येऊ देत."

तारा खाली आणायच्या तर गिटारची मान किंचित मागे झुकवावी लागते. मान धडाला जिथे जोडलेली असते, तिथे आत पातळसा तुकडा सरकवायचा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालून पाहिला, तो दबला. शेवटी वैतागून गिटार कंपनीच्या बसमध्ये घातली आणि चाकणला कारखान्यात नेली. सकाळचा गार्ड ओळखीचा, त्याने नोंद न करताच सोडलं. जेवणाच्या सुट्टीत भंगारातला पत्र्याचा तुकडा कापला, घासला, सांध्यात बसवून स्क्रू आवळले. आहाहा! नुसतं बोट टेकवलं तरी तार दबत होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

शिफ्ट सुटली. गेटवर दुसरे गार्ड होते, कुरुळी गावचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गिटार उलटी करून सांध्याच्या फटीवर बोट ठेवलं.

"ह्यात काय बसवलंय?"

आनंदाच्या भरात मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "पत्र्याचा तुकडा."

"कुणाचा पत्रा?"

"भंगारातला हो, मामा."

"भंगार कंपनीचंच न्हवं? तुकडा काढून दे, गिटार घिऊन जा."

"तुकडा काढला तर तारा वर जातील!"

"मग गेट पास आण."

तुकडा काढणं सोपं होतं, पण मी हट्टाला पेटलो. एवढी मेहनत करून पुन्हा बोटं सोलून घेऊ? गिटार त्यांच्या केबिनमध्ये हेल्मेटशेजारी टांगली गेली.

पास मागायला गेलो तर स्टोअर्सवाले म्हणाले, भंगार काट्यावर वजन करून जातं आणि एवढासा तुकडा काट्यावर दिसतच नाही. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. रोज बस सुटायच्या आधी मी केबिनमध्ये डोकावायचो. एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत मामा तारा छेडत बसलेले असायचे. अँप्लिफायरशिवाय आवाज डासाएवढा. "बरं हाय," ते म्हणायचे, "सायबाला ऐकू जात न्हाई." ते गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात. बघता बघता त्यांनी भजनाची एक चाल बसवली की राव!

मी गिटार हातात घेतली की नुसती खरखर. तारा खाली होत्या, सांधा पक्का होता, आता दोष कुणाला देणार? लाज वाटली मला.

एकदाचा पास आला. सही, शिक्का, सगळं. त्यावर लिहिलं होतं, 'पत्र्याचा तुकडा, एक नग.'

"अहो, आणि गिटार?" मी ओरडलोच.

"तिची आत आल्याची नोंद नाही," स्टोअर्सवाला शांतपणे म्हणाला. "जी आत आलीच नाही, ती बाहेर कशी जाईल?"

तिरमिरीत त्याच्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि गेटवर गेलो. तुकडा तर तुकडा, तोच नेतो! मामांनी पास दोनदा वाचला.

"ने की," ते म्हणाले, पण गिटार पोटाशी धरून बसले. मग हळूच म्हणाले, "तुकडा काढला तर तारा वर जातील न्हवं?"

माझंच वाक्य. त्यांचं उतरलेलं तोंड मला बघवेना. राग तर होताच, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना. तिकडे बस हॉर्न मारत होती. मी पास खिशात कोंबला, स्टूल ओढलं आणि बसलो.

"नाही काढत. ती चाल मला शिकवा."

मामांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"ह्यो कंपनीचा. ह्याचा पास?"